पोलादी जोड

"बघा मावशी, सातच किलो!" दुकानदाराने कार्बनची नवी सायकल एका हाताने उचलून दाखवली. "तुमचं ते पोलादी धूड द्या भंगारात."

इंदुमतीबाईंनी दाराशी टेकवलेल्या जुन्या रेसिंग सायकलवरून हात फिरवला. मिरज रस्त्यावर ट्रकने उडवलं तेव्हा मोडलेल्या नळीचा वेल्डिंगचा जोड बोटांना लागला.

"आणि तुमच्या हिला तडा गेला तर?"

"टाकून द्यायची, नवी घ्यायची! जोड देत कोण बसतंय?"

"घे ना आई," लेक म्हणाली. "या वयात कशाला ते ओझं?"

बाईंनी उजव्या मांडीवर थाप मारली. "त्याच अपघातात हीपण मोडली होती. डॉक्टरांनी आत स्टीलची सळई घातली. तेव्हा का नाही म्हणालीस, टाकून द्या आईला?"

आणि त्याच पायाने जुन्या सायकलवर टांग मारून त्या समोरच्या चढाला लागल्यासुद्धा.