गाळलेलं शून्य

घरात किती माणसं आहेत ते दाखवणारी छोटी पाटी त्याने हौसेने दाराच्या चौकटीवर बसवली होती. चिपमधले बायनरी आकडे वाचता येतील अशा अंकांत बदलणारा प्रोग्रॅमही त्याने स्वतःच असेंब्ली भाषेत लिहिला. '००२' बरं दिसेना, म्हणून शून्यं गाळून टाकली.

"अहो, मग घरात कोणीच नसलं तर?" बायकोने विचारलं.

"काहीच दिसणार नाही. पण तू असतेस की घरात. कशाला येतेय तशी वेळ?"

ती गेली, तेराव्यानंतर पाहुणेही पांगले. त्यानंतर तो पहिल्यांदाच कामावरून परतला, तर पाटी कोरी. बाहेरूनच त्याने वायर हलवली, टिचकी मारून पाहिली. शेवटी वैतागून पेचकस आणायला आत शिरला.

पाटीवर '१' उमटला.