वहिनींना मत नाही

दाढी करता करता सलूनवाला प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा, "परदेशातून आलेले कायद्यानं राहतात, कर भरतात, सगळं कबूल. पण नागरिक नाहीत ना? मग मत कशाला? त्यांना इथलं काय कळतंय?"

गळ्यावर वस्तरा असताना नाही कोण म्हणणार? लग्न होऊन परदेशातून आलेली, अजूनही नागरिक नसलेली त्याची बायको मागे निमूटपणे टॉवेलांच्या घड्या घालत असायची.

मतदानाच्या दिवशी पडद्याआड गेल्यावर उमेदवारांची नावं बघून तो गांगरला. त्यानं गुपचूप बायकोला फोन लावला. "अगं, कुणाला द्यायचं म्हणालीस?"



शेजारच्या पडद्याआडून एका गिऱ्हाइकाचा आवाज आला, "स्पीकरवर टाक रे. आम्हीही वहिनींसाठीच थांबलोय."