मालकिणीचं मत

"गाडीबद्दल मालकांचं मत हवं होतं. साहेबांकडे फोन देता का?" सर्व्हिस सेंटरमधल्या मुलीनं फोनवर विचारलं.

"गाडी माझ्या नावावर हाय आणि चालवते पण मीच. विचारा की," नीलम्मा म्हणाली.

समोर बसलेल्या तिच्या नवऱ्यानं, कल्लप्पांनी पेपर खाली घेतला. चार दिवसांपासून त्यांनी बायकोच्या मागं एकच धोशा लावला होता, लेकीला, काव्याला, सासरी परत सोडून ये.

"गाडी भरवशाची वाटते का, मॅडम?"

"व्हय तर! रविवारी लेकीला आणायला मैंदर्गीला गेले होते. निघताना व्याही बॉनेटवर हात टेकून आडवे उभे राहिले. गाडी एका सेल्फात चालू झाली आणि मी हॉर्नवरचा हात काढलाच न्हाय. शेवटी त्यांनाच बाजूला व्हावं लागलं."

"घरातलं बाहेर कशाला सांगतीस?" कल्लप्पा दबक्या आवाजात खेकसले. "लोक काय म्हणतील?"

नीलम्मानं फोन स्पीकरवर टाकला आणि आवाज पूर्ण वाढवला.

पलीकडच्या मुलीनं हळूच पुढचा प्रश्न विचारला, "आणि मॅडम, प्रवास आरामात होतो का?"

"रस्त्याला लई खड्डे होते," नवऱ्याच्या डोळ्यांत बघत नीलम्मा म्हणाली. "पण सासरी वर्षभर भीतीनं जिचा डोळा लागत नव्हता, ती माझी लेक मागच्या सीटवर जुळे सोलापुरातलं आपलं घर येईपर्यंत गाढ झोपली होती."