पेंढ्याचं वासरू

पंचावन्न साली कुंभकोणमात कॉफी निर्भेळ दुधाची असणं म्हणजे घराची अब्रू. भवानीबाई तर गवळ्याला गाय थेट दारात आणायला लावत, रिकामी चरवी उपडी करून बघत आणि मगच धार काढू देत. पाण्याचा एक थेंब खपायचा नाही!

आज चिन्नसामी गवळ्यानं गाईपुढं तिच्याच वासराचं पेंढा भरलेलं कातडं उभं केलं. त्याला कुबट घाण सुटली होती, डोळ्यांच्या भोकांत माश्या घोंगावत होत्या, आणि गाय ते चाटून चाटून पान्हा सोडत होती. बाईंनी नाकाला पदर लावला. शेजारी उभ्या नातीनं, तुळशीनं, तोवर धारोष्ण दुधाचा पेला रिकामाही केला.

"वासरू कशानं मेलं रे?"

"नवा रंगाचा कारखाना झालाय ना अम्मा, त्याची हिरवी घाण आमच्या पाटात येते. गाय तेच पिते. वासरू रक्त हगून हगून मेलं."

"शी! मेल्या, तसलं पाणी पाजलंस त्या मुक्या जिवाला?"

 

"पाणी कुठलं अम्मा? ते तर अजून नुसत्या आईच्या दुधावर होतं."