चार मिनिटं

सोनईच्या हर्षलने सोयऱ्याधायऱ्यांचं ॲप बनवलं होतं. दोन नावं टाकली की कोण कोणाचं काय लागतं, ते सांगायचं. आता त्यात दोन लाख माणसं झाली होती आणि रोज सकाळी ते पार रेंगाळायचं. तीन दिवस डोकं घातल्यावर दुखणं सापडलं. एकदा सापडलेलं नातं कॅशमध्ये, हाताशीच राहायचं आणि पुन्हा विचारलं की झटक्यात यायचं. पण कुणीतरी रोज अशा दोघांचं नातं विचारत होतं, ज्यांच्यात नातंच नव्हतं. ॲप बिचारं दर वेळी नव्याने चार मिनिटं दोन लाख माणसं धुंडाळायचं. हर्षलने नावं बघितलीही नाहीत. ‘नातं सापडलं नाही’ हे उत्तरही त्याने कॅशमध्ये ठेवून दिलं. ॲप पळायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील ओट्यावर मोबाईल धरून बसले होते.

“हर्षल, तुझं ॲप बिघाडलं का रं?”

“न्हाई अण्णा, उलट फास्ट केलंय. कुणाचं नातं बघताय?”

“माझं अन् निकिताचं.”

तीन वर्षांपूर्वी हर्षलच्या बहिणीने, निकिताने, घर सोडून लग्न केलं, तेव्हा अण्णांनीच त्याला शेजारी बसवून ॲपमधली तिची आणि घराची रेघ खोडायला लावली होती.

“आज लगीच न्हाई म्हनलं,” अण्णा मोबाईलवरची नजर न काढता म्हणाले. “आधी चार मिन्टं शोधायचं तरी.”