उणे अठरातली भट्टी

बाहेरून कडी पडली आणि शीतगृहातला दिवा गेला. भट्टीताईने दारावर मुठी आपटल्या. दार वीतभर जाड, आतला खटका गोठून बसलेला. गोठवलेल्या मटाराच्या चारशे पेट्या आणि ही, एवढाच काय तो शेजार.

तिथली रीत अशी, की आत जाणाऱ्याने खुंटीवरचा आपला जाड कोट घालून जायचं. सगळे कोट खुंटीवर दिसले, की आत कुणी नाही असं समजून मुकादम बिनधास्त कडी लावणार. पण हिने वर्षभर कोटाला हात लावला नव्हता. पाळी जायला आली तशा तासातासाला अंगातून झळा उठायच्या. ती पेटीला टेकली तर आतले मटार शिजतात, असं कामगार शपथेवर सांगत. भट्टी हे नाव त्यांनीच पाडलेलं. रात्री डोळ्याला डोळा नाही, दिवसा डोकं ठिकाणावर नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून हार्मोनच्या पट्ट्या आणि गोळ्या दिल्या, वर "धीर धरा" म्हणाल्या. त्याला सहा आठवडे झाले.

"पट्ट्या फुटक्या पाइपाला लावतात गं, बाईला नाही," नवरा हसायचा. फरक पडतोय का, तिलाच कळेना. झळा मोजायला डोकं नको का जागेवर? आज सकाळीच तिने ठरवलं होतं, हे पाकीट संपलं की बास.

हाका मारून घसा बसला. पापण्यांवर पांढरं साचू लागलं. तरी तिने धीर सोडला नाही. झळ येईलच की! ती काय आमंत्रणाची वाट बघते?

पेट्यांमधून ती येरझारा घालत राहिली. बोटांची लाकडं झाली. घड्याळाचे चमकते काटे पुढे सरकत होते.

"ये गं बाई, एकदाच ये," जिला वर्षभर शिव्या घातल्या तिलाच ती विनवू लागली.

तास उलटला. अंधार तसाच, अंगही तसंच.

पेट्या न्यायला गाडी आली तेव्हा कुठे कडी निघाली. मुकादमाची बोबडीच वळली.

"ताई! अहो, कोट खुंटीला होता, मला वाटलं... चुकलो, पाया पडतो! बऱ्या आहात ना?"

निळ्या ओठांची भट्टीताई खदाखदा हसत होती. थंडी डोक्यात गेली, असंच त्याला वाटलं.

"अरे मुकादमा," कडाकडा वाजणाऱ्या दातांतून ती म्हणाली, "तासभर वाट पाहिली, एक झळ आली नाही. लागू पडलं रे माझं औषध!"