रिकामी तारीख

मच्छीमार सोसायटीचा कॉम्प्युटर नक्की काय शोधतोय हे सभासदांना कळावं, म्हणून तन्मयीने त्याला दिलेल्या शोधाच्या आज्ञांची मराठी वाक्यं करणारा प्रोग्रॅम बसवला. सभासदांच्या बैठकीत पडद्यावर पहिलं वाक्य उमटलं: 'जिवंत असलेले खलाशी दाखवा.' खालच्या नावांत काशिनाथ तांडेलही होता.

त्याची बायको रखमा उठून पडद्याजवळ आली. दोन वर्षांपूर्वी वादळात सापडलेली त्याची होडी परतलीच नव्हती.

"जिवंत? बाय, याला कुठं दिसले ते?"

तन्मयी गडबडली. "दिसले नाहीत, मावशी. मृत्यूच्या तारखेची जागा रिकामी आहे. प्रोग्रॅमने त्याचा अर्थ जिवंत असा लावला."

"आणि खरा अर्थ?"

"माहीत नाही, एवढाच."

"मग तसंच लिही."

तन्मयीने वाक्य बदललं: 'ज्यांच्या मृत्यूची खबर नाही, असे खलाशी दाखवा.'

काशिनाथचे जुने सोबती असलेले चेअरमन हसले. "अगं, यादीत मीही आहे. इथं धडधाकट बसलोय, आणि माझ्याबद्दलही असंच बोलायचं?"

"काय बिघडलं?" रखमा म्हणाली. "त्यांच्याबरोबर एका होडीत बसायचात. आता एका वाक्यात बसा."

चेअरमननी पडद्यावरचं वाक्य पुन्हा वाचलं. मग तन्मयीला म्हणाले, "हेच राहू दे."